गृहस्थाश्रमातील चार गोष्टी : विजेच्या केरसुणीची खुंटी

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अकोल्यास आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी दोन केरसुण्या एकाच पाटाशेजारी मांडल्या होत्या. एक नेहमीची, बाजारातून नवी आणलेली, शिंदीच्या पानांची. दुसरी पुण्यास नोकरी करणाऱ्या पुतण्याने आईसाठी पाठविलेली, विजेच्या बळावर केर ओढून घेणारी, आणि तीही बिनतारी. वहिनींनी दोहींस हळदकुंकू वाहिले. पोरे हसू लागली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "घर झाडते ती लक्ष्मी. मग ती शिंदीची असो की विजेची." अमरकोशात केरसुणीस संमार्जनी व शोधनी अशी दोन नावे दिली आहेत, यंत्र हातात घेऊन पाहता दोन्ही नावे त्यास शोभतील असे आम्हांस वाटले, आणि त्या दिवशी तरी जुन्या-नव्याचा तंटा आमच्या घरी उद्भवला नाही. तंटा उद्भवला तो दुसऱ्या दिवशी, आणि तो या वस्तूस ठेवावयाचे कोठे या प्रश्नावरून.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर सदराची पाने कशास खर्ची घालावी? परंतु आमचा अनुभव असा आहे की, घरात आलेली नवी वस्तू उपयोगी पडते की अडगळ होते हे तिच्या किमतीवर ठरत नाही. तिला मिळालेल्या जागेवर ठरते. शिवाय या वस्तूची जागा चुकली तर ती केवळ निरुपयोगी होत नाही, धोक्याचीही होऊ शकते. आम्ही ती चूक स्वतःच्या हाताने केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. केर फुंकून उडविण्याऐवजी हवेबरोबर ओढून घ्यावा ही कल्पना ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनियराने १९०१ साली लंडनमध्ये यशस्वी करून दाखविली. त्याचे यंत्र घोड्याच्या गाडीवर बसविलेले असे. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात नेऊन गालिचे साफ करीत. म्हणजे आरंभी यंत्र घराबाहेर होते, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता! पुढे ते लहान झाले व घरात आले. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि तिचे विक्रेते गळ्यात टाय बांधून दारोदार फिरू लागले, हे आमच्या पिढीस चांगले स्मरत असेल. त्या काळी आमच्या अमरावतीच्या घरीही चाके, नळी आणि लांब दोरी असलेले एक यंत्र आले होते. यंत्रात दोष काही नव्हता. परंतु ते आम्ही माळ्यावर ठेवले, आणि माळ्यावरून काढावयाचे म्हणजे शिडी, शिडी म्हणजे गडी, आणि गडी म्हणजे रविवार. वर्षभरात ते तीनदा खाली आले असेल. पुढे त्याच्या खोक्यात गणपतीच्या मखराचे सामान राहू लागले.

हल्लीच्या यंत्राची दोरी गेली ती बॅटरीमुळे. लिथियम-आयन जातीची बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात हा मान यापूर्वी कोणासही मिळाला नव्हता. तेव्हा साठी उलटलेल्या वाचकांनी उमेद सोडू नये. या यंत्राच्या मुठीत अंगठ्याहून थोडे मोठे असे सहा-सात घट एका ओळीत जोडलेले असतात. प्रत्येक घट ३.६ व्होल्टचा, म्हणजे सहांचे मिळून २१.६ व्होल्ट झाले. काम झाले की यंत्र भिंतीवरच्या एका बैठकीस अडकवावयाचे आणि तेथेच त्याने वीज भरून घ्यावयाची. या बैठकीस इंग्रजी शब्द डॉक असा आहे. आम्ही तिला खुंटी म्हणू, कारण काम तेच आहे.

आता आमच्या चुकीकडे वळतो. बंधूंचे घर जठारपेठेत, तीन पिढ्यांचे. न्हाणीघराशेजारी भिंतीत एक मोठे फडताळ आहे. त्याच्या डाव्या खणात कपडे धुण्याचे यंत्र आणि उजव्या खणात चार फळ्यांवर धुऊन घडी केलेले कपडे, चादरी, पंचे, असा त्याचा वापर. पुतण्याने यंत्राबरोबर खुंटीही पाठविली होती. दिवाणखान्यात ती लावावी असे सूनबाईंचे मत होते. परंतु पाहुण्यांच्या दृष्टीस केरसुणी पडू नये, असे बंधूंनी ठरविले आणि आम्ही मान डोलविली. न्हाणीघराजवळचे फडताळ, तेथे विजेची सोय, दार लावले की सर्व झाकलेले. याहून उत्तम जागा ती कोणती? आम्ही अमरावतीहून येताना गिरमिट व पाणसळ पिशवीत घालूनच बडनेऱ्यास गाडीत बसलो होतो. निवृत्त शिक्षकास हाताने काही करून दाखविण्याची हौस असतेच. वहिनी इतकेच म्हणाल्या, "भाऊजी, धुतल्या कपड्यांच्या डोक्यावर केराचा डबा?" आम्ही त्यांस समजावून सांगितले की, डबा बंद असतो, त्यात सोवळे-ओवळे आणण्याचे कारण नाही. हे बोलताना आम्ही थोडे हसलोही. ते हसणे पुढे आम्हांस महागात पडले.

सर्वांत वरच्या फळीच्या वर, म्हणजे जमिनीपासून साडेपाच फुटांवर, आम्ही दोन भोके पाडून खुंटी बसविली. लांब दांडा काढून कोपऱ्यात उभा केला आणि मोटर व डब्याचा भाग तेवढा वर टांगला. वीज घेतली ती धुण्याच्या यंत्राच्या सॉकेटमधून, एक जोडबोर्ड लावून. दार लावले. बाहेरून काहीच दिसेना. बंधूंनी पाठ थोपटली आणि आम्ही चहा घेऊन अमरावतीस परतलो.

पुढे वैशाखात नातवाच्या मुंजीसाठी अकोल्यास जाणे झाले. वऱ्हाडचा वैशाख कसा असतो हे वऱ्हाडच्या वाचकांस सांगणे नको; बाहेरच्यांसाठी एवढेच लिहितो की, त्या दिवसांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही नवलाई नसते. पहाटे पाचास जाग आली तो ओसरीवर सर्र सर्र असा आवाज. पाहतो तो वहिनी कमरेत वाकून शिंदीच्या केरसुणीने झाडीत होत्या. एक हात गुडघ्यावर टेकलेला. त्यांच्या कमरेस त्रास होतो म्हणून तर पुतण्याने ते यंत्र पाठविले होते. आम्ही विचारले, "वहिनी, यंत्र बिघडले काय?"

"बिघडले नाही, भाऊजी. पण ते तुमच्या उंचीचे आहे."

आम्ही पाच फूट नऊ इंच, वहिनी चार फूट दहा इंच. त्यांचा उजवा खांदा वर्षभरापासून आखडलेला, हात डोक्यावर जात नाही. आम्ही ज्या उंचीवर खुंटी मारली तेथून पावणेदोन किलोंचा भाग काढावयाचा म्हणजे त्यांस पाटावर उभे राहावे लागे. सूनबाई सकाळी शाळेत शिकवावयास जातात. घरी केर-फरशीस येणाऱ्या मावशींनी यंत्रास हात लावू नये असे बंधूंनी सांगून ठेवलेले. तेव्हा कार्तिकात चार दिवस त्याचे कौतुक झाले, पौषात ते रविवारपुरते उरले, आणि चैत्रापासून ते खुंटीवरून उतरलेच नाही. सहा महिने वहिनी वाकून झाडीत होत्या आणि कोणास बोलल्या नाहीत. कारण खुंटी भाऊजींनी मारली होती.

आम्हांस हे फार लागले. माळ्यावरच्या यंत्राची गोष्ट आम्ही वर्गात मुलांस विनोद म्हणून सांगत असू, आणि तीच चूक दुसऱ्यांदा, व तीही दुसऱ्याच्या घरी, आम्ही केली होती. मुंजीची गडबड आटोपल्यावर आम्ही फडताळ उघडून बसलो, तो एकामागून एक आणखी तीन गोष्टी उघडकीस आल्या.

पहिली गोष्ट, यंत्रावर तांबडा दिवा लुकलुकत होता आणि बॅटरी भरत नव्हती. सूनबाईंनी माहितीपुस्तक काढून वाचले. त्यात ४० अंशांहून अधिक उष्णतेत बॅटरी भरू नये असे स्पष्ट छापलेले होते. दिवाळीत आम्ही ते पान उलटलेही नव्हते. आम्ही भिंतीवरचा तापमापक काढून दार लावलेल्या फडताळात टांगला. दुपारी तीनला त्याने ४३ अंश दाखविले. पश्चिमेची भिंत, बंद दार, शेजारी धुण्याचे यंत्र, शिवाय चार्जरची स्वतःची ऊब. बॅटरी भरताना लिथियमचे कण घटाच्या एका पटलातून निघून दुसऱ्या पटलात शिरतात. अति उष्णतेत घटाच्या आतली रसायने झिजू लागतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून शहाण्या यंत्रातील मंडळ उष्णता वाढली की भरणे थांबविते. तांबडा दिवा हा बिघाड नव्हता, ती ताकीद होती. घट सदोष असेल, दुखावलेला असेल किंवा भलताच चार्जर लावला असेल, तर मात्र ताकीद पुरत नाही. एक घट अनावर तापला म्हणजे शेजारचा तापतो, त्याच्या उष्णतेने तिसरा, अशी परंपरा लागते आणि आग होते. असे प्रसंग थोडे. परंतु तसा प्रसंग आला तर आमच्या खुंटीखाली चार फळ्या सुती कपडे रचलेले होते आणि दार बंद होते. चुलीजवळ सरपण रचू नये हे जिला कळते त्या गृहिणीस याहून अधिक सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, जोडबोर्ड. तो धुण्याच्या यंत्राच्या माथ्यावर नुसता ठेवलेला होता. यंत्र कपडे पिळताना थरथरते, त्या थरथरीने तो सरकत सरकत नळाच्या बाजूस आला होता. पाणी आणि वीज यांची सोयरीक आम्ही स्वतः जुळविली होती!

तिसरी गोष्ट, खुंटी डुगडुगत होती. घराचा तो भाग जुना. विटा मातीत बांधलेल्या आणि वरून सिमेंटचा गिलावा. आमची भोके गिलाव्यात पक्की वाटली, पण आत मातीच होती. मिस्त्री जिला गिट्टी म्हणतात ती प्लॅस्टिकची खुंटी मातीत धरत नाही. दोन महिन्यांत ती सुटून यंत्र कपड्यांवर, किंवा खाली खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर, पडले असते.

आणि शेवटी वहिनींचा आक्षेप. सर्वांत वरच्या घडीवर, खुंटीच्या बरोबर खाली, करड्या धुळीची एक रेघ होती. डबा बंद असला तरी यंत्र काढता-घालता केस, धूळ, भुगा थोडा झडतोच. ज्याला आम्ही ओवळ्याचा विचार म्हणून हसलो तो निव्वळ स्वच्छतेचा विचार होता, आणि तो यंत्र न वापरताच वहिनींस सुचला होता. आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "क्षमा कशाला? आता खुंटी मला विचारून मारा म्हणजे झाले."

तेव्हा दुसऱ्यांदा खुंटी मारली ती येणेप्रमाणे. वाचकांपैकी ज्यांस हे काम करावयाचे असेल त्यांनी क्रम ध्यानात ठेवावा.

आरंभ भिंतीपासून न करता माणसापासून केला. वहिनींस, सूनबाईंस आणि मावशींस फडताळापुढे उभे केले, दांडा जोडलेले सबंध यंत्र प्रत्येकीच्या हातात दिले आणि खांदा न उचलता ते कोठे अडकविता येते ते पाहिले. सर्वांत ठेंगण्या व सर्वांत दुखऱ्या माणसाचे माप खरे धरले. यंत्राचे खालचे तोंड जमिनीपासून चार बोटे वर राहील आणि मूठ वहिनींच्या छातीच्या खाली येईल, अशी खूण पेन्सिलीने केली. ती निघाली पावणेचार फुटांवर. आमच्या पहिल्या खुंटीहून पावणेदोन फूट खाली! मावशींस प्रथमच कोणी काही विचारले होते. त्यांनी सांगितले, "खुंटी उजव्या कडेला सरकवा, नाहीतर दार उघडताना दांडा आपटतो." एम.ए. झालेल्या बंधूंस व आम्हांस हे दिसले नव्हते.

त्यानंतर फडताळाची व्यवस्था केली. उजव्या खणातील चारही फळ्या काढल्या व कपडे आतल्या खोलीतील कपाटात हलविले. तो खण यंत्रास मोकळा दिला. धुण्याच्या यंत्राची वाफ व ओल इकडे येऊ नये म्हणून दोन खणांमध्ये एक उभी फळी सुताराकडून बसवून घेतली. दार काढून टाकावे असे सूनबाई म्हणाल्या, बंधूंस ते पटेना. त्यावर वहिनींनीच तोड काढली. पूर्वी प्रत्येक स्वयंपाकघरात दूधदुभत्यासाठी जाळीचे कपाट असे. मांजर आत जाऊ नये आणि हवा मात्र खेळावी, ही त्याची योजना. तसलेच जाळीचे दार या खणास लावले. पाहुण्यांपासून आडोसा झाला आणि वारा मोकळा राहिला. नव्या यंत्राचा प्रश्न आजीच्या कपाटाने सोडविला, हे पाहून आम्हांस विशेष आनंद झाला.

मग भिंत. भोक पाडण्यापूर्वी भिंतीच्या पोटात विजेची तार कोठून गेली आहे हे जाणणे अवश्य असते. सामान्यतः तारा बटणापासून किंवा सॉकेटपासून सरळ उभ्या वा सरळ आडव्या नेलेल्या असतात. म्हणून त्यांच्या थेट वर, थेट खाली व थेट बाजूस भोक पाडू नये, आणि भोक पाडताना त्या भागाचा एमसीबी खाली पाडून ठेवावा. ड्रिल दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर चालवावे. भिंत पक्क्या विटेची किंवा काँक्रीटची असल्यास ६ मिलिमीटरचे भोक, त्यात गिट्टी व त्यात स्क्रू, एवढे पुरे होते. आमची भिंत मातीची असल्यामुळे सुताराने दोन फूट लांबीची सागवानी फळी उभी धरून तीन-तीन इंची चार स्क्रूंनी, विटांच्या सांध्यात न मारता विटांच्या पोटात, आवळली आणि खुंटी त्या फळीवर बसविली. मेळघाट ज्यांच्या शेजारी आहे त्यांना सागाच्या फळीचा तुटवडा नसावा. खुंटी सरळ आहे की नाही हे पाणसळीने व ओळंब्याने पाहिले. यंत्र सबंध ३ किलोंचे. म्हणून त्याच्या दुप्पट, ६ किलो ज्वारीची पिशवी रात्रभर खुंटीस टांगून ठेवली. सकाळी पिशवी होती तेथेच होती, तेव्हा यंत्र टांगले. जो भार पुढे नित्य सोसावयाचा त्याच्या दुप्पट भाराने परीक्षा घ्यावी, हा नियम विद्यार्थ्यांस लागू आहे तसा खुंटीसही आहे.

विजेच्या कामास मात्र आम्ही हात लावला नाही, वायरमन बोलाविला. धुण्याच्या यंत्राचे १६ अँपिअरचे सॉकेट त्याचे त्यासच ठेवले आणि खुंटीसाठी ६ अँपिअरचे वेगळे सॉकेट नळापासून दूर व खुंटीच्या बाजूस काढले. त्याचे बटण फडताळाच्या बाहेर, हात सहज पोहोचेल असे बसविले, म्हणजे काही विपरीत दिसले तर आत हात न घालता वीज तोडता येते. वीज गळू लागली की क्षणार्धात प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी त्या घरात नव्हते, तेही बसवून घेतले. ज्या घरी न्हाणीघराजवळ विजेची यंत्रे आहेत तेथे हा खर्च टाळू नये. चार्जर यंत्राबरोबर आला असेल तोच वापरावा. दुसऱ्या उपकरणाचा चार्जर तोंड जुळले म्हणून लावू नये. त्याच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असल्यास त्यास दुहेरी आवरण आहे व अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही, असे समजावे.

शेवटी वेळापत्रक ठरले. वैशाख-ज्येष्ठात बॅटरी पहाटे साडेचारला, घरची माणसे उठल्यावर, भरावयास लावावी आणि ऊन चढण्यापूर्वी बटण बंद करावे. ३० वॉटचा चार्जर चार तास चालला तरी विजेचा खर्च युनिटाच्या आठव्या हिश्शाएवढा, तेव्हा काटकसरीसाठी हा नियम नाही, उष्णतेसाठी आहे. यंत्र वापरून ऊन लागत असेल तर अर्धा तास निवू द्यावे व मग भरावे. केराचा डबा अंगणात रिकामा करावा, फडताळापुढे नव्हे. या यंत्राने पाणी ओढू नये आणि धुपाटण्यातील गरम राख तर कदापि ओढू नये. बॅटरी फुगली, तिला वास येऊ लागला किंवा यंत्र उंचावरून पडून तिला मार बसला, तर ती पुन्हा भरू नये. टाकून देण्याची वेळ आली म्हणजे तिला घंटागाडीत टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा नियमांनी अशा बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

हे सर्व करण्यास दोन दिवस लागले. पहिली खुंटी आम्ही पाऊण तासात मारली होती. दोहींतला फरक मजुरीचा किंवा सागाच्या फळीचा नव्हे. पहिल्या वेळी आम्ही एकच प्रश्न विचारला होता : ही वस्तू कोणास दिसू नये? दुसऱ्या वेळी विचारला : ही वस्तू कोणाच्या हातात यावयाची आहे? आमच्या घरांतील कितीएक वस्तूंच्या जागा पहिल्या प्रश्नाने ठरलेल्या असतात. पाटा-वरवंटा कोपऱ्यात, मोरी अंधारात, केरसुणी दाराआड. काम करणारीस वाकावे लागते, वर हात करावा लागतो, अंधारात चाचपडावे लागते. आणि दिवाणखाना नीटनेटका दिसतो म्हणून आपण समाधान मानतो. यंत्र विकत घेतल्याने हा दोष जात नाही. यंत्रासही आपण त्याच दाराआड ढकलतो.

ज्यांच्या हातातील खराटा कोणापासून लपविलेला नव्हता असे गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी त्यांचा जन्म झाला. गावात शिरले की ते आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. म्हणजे केर हा उपदेशाच्या आधीचा विषय होता. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांची समाधी अमरावतीस आहे आणि आमच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे. आम्ही चाळीस वर्षे मुलांस त्यांचे चरित्र शिकविले. जयंतीस शाळेचे पटांगणही झाडले. परंतु स्वतःच्या घरी खराटा कोणाच्या हातात असतो आणि त्या हातास किती वर जाता येते, हे आम्हांस साडेपाच फुटांवरची खुंटी उखडताना कळले.

परवा आषाढीस अकोल्यास पुन्हा जाणे झाले. पहाटे जाग आली ती सर्र सर्र आवाजाने नव्हे, यंत्राच्या घुमण्याने. वहिनी ताठ उभ्या राहून ओसरी झाडीत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी यंत्र खांदा न उचलता खुंटीस लावले, हिरवा दिवा लागला, जाळीचे दार ओढून घेतले. शिंदीची केरसुणी तेथेच शेजारी, लहान खिळ्यास टांगलेली होती. कोपऱ्यांसाठी आणि वीज गेली तर तीच उपयोगी. मावशी आठाला येतात व मागचे अंगण तेवढे खराट्याने झाडून आतल्या खोल्या यंत्राने झाडतात. त्यांच्या हातून ते आजवर एकदाही पडलेले नाही. बंधूंनी आम्हांस पाहुण्यांपुढे फडताळ उघडून दाखविण्याची विनंती केली. आम्ही म्हटले, दाखवावयाचेच असेल तर वहिनींस सांगा. खुंटी त्यांची आहे.

पहिल्या खुंटीची दोन भोके भिंतीत अजून तशीच आहेत. गिलावा मारून बुजवितो असे सुतार म्हणत होता. आम्हीच नको म्हटले.